माल्टी म्हणजे गोड नव्हे: अंबर एल चाखायची आणि जोखायची कशी

शिऱ्यासाठी रवा तुपात भाजायला घेतला की दहाएक मिनिटांत तो खमंग वास सुटतो आणि जिन्यापर्यंत जातो. त्या वेळी कढईत साखरेचा एक कणही नसतो. तरी तोंडाला पाणी सुटतं आणि मन म्हणतं, आज काहीतरी गोड आहे. अंबर एल, म्हणजे तांबूस रंगाची एक बिअर, चाखायला शिकणाऱ्याने एवढी एक गोष्ट पक्की धरली तर त्याचं अर्धं काम झालं. माल्ट म्हणजे मोड आणून सुकवलेलं जव, आणि त्याची ओळख म्हणजे तो भाजलेल्या रव्याचा वास. साखरेचा विषय नंतरचा आणि निराळा.

माझी सुरुवात हेच न कळल्यामुळे फसली. कॅलिफोर्नियात नोकरीला होतो तेव्हा घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांच्या एका गटात जायचो. अमेरिकेत घरगुती बिअरला १९७८ च्या केंद्रीय कायद्याने वाट मोकळी झाली. आपल्याकडे परवान्याशिवाय तो उद्योग करता येत नाही, म्हणून इथे फक्त चाखण्याबद्दल लिहितोय. तर पहिल्याच बैठकीत एका तांबूस बिअरबद्दल मी ऐटीत लिहिलं, ‘खूप माल्टी, छान’. शेजारचे आजोबा अनेक वर्षं स्पर्धांमध्ये परीक्षक होते. त्यांनी माझा कागद वाचला आणि एवढंच विचारलं, “माल्टी की गोड?” मला उत्तर देता येईना. ती बिअर नुसती गोड होती. साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या यीस्टने काम अर्धवट टाकलं होतं आणि उरलेल्या साखरेला मी माल्ट समजलो होतो.

आधी ओळख

अंबर म्हणजे इथे आकाश नाही. झाडाचा डिंक लाखो वर्षं जमिनीत गोठून जो तांबूस-पिवळा पारदर्शक खडा होतो, त्याचा रंग. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर छोट्या ब्रुअरी निघाल्या, तेव्हा त्यांच्याकडे एक फिकी बिअर असायची आणि एक काळी. मधलीला काय म्हणायचं, तर अंबर. नाव इतकं साधं आहे. कॅलिफोर्नियातल्या बूनव्हिल गावची ‘बूंट अंबर’, ओरेगनमध्ये हूड रिव्हरची ‘फुल सेल अंबर’, फोर्ट ब्रॅगची ‘रेड सील’ ही त्या पिढीची नावं. त्यांच्या ब्रुअरी १९८७-८८ च्या सुमाराच्या.

याच घराण्यातल्या एका बिअरशी आपला संबंध आला होता. कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड गावात १९८३ साली सुरू झालेल्या मेंडोसिनो ब्रुइंगची ‘रेड टेल एल’ ही तिथली जुनी अंबर. ती कंपनी १९९७ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाच्या ताब्यात आली आणि २०१८ मध्ये बंद पडली. गावाचं नाव हॉपलंड का, तर तिथे एके काळी हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, शेती होती.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना. कोलोरॅडोची ‘फॅट टायर’ १९९१ पासून अनेकांची पहिली अंबर असायची. २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने तिचा रंग फिका आणि अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, हलकं केलं. जुन्या आठवणीवर ती घ्याल आणि ‘ह्यात माल्ट कुठंय’ म्हणाल, तर तुमच्या जिभेला दोष देऊ नका.

परीक्षकांची सर्वांत वापरली जाणारी मार्गदर्शिका बीजेसीपी या अमेरिकी संस्थेची, ही संस्था १९८५ पासूनची. तिच्यानुसार अमेरिकी अंबर एलमध्ये अल्कोहोल साधारण ४.५ ते ६.२ टक्के, कडूपणा आयबीयू मापावर २५ ते ४० आणि रंग एसआरएम मापावर १० ते १७ असतो. हे आकडे पाठ करू नका. शेजाऱ्यांपासून तिला वेगळं ओळखता आलं तरी पुरे. पेल एलमध्ये हॉप्स पुढे आणि माल्ट मागे. ब्राउन एलमध्ये चॉकलेटकडे झुकणारा भाजका स्वाद येतो. आयरिश रेडमध्ये हॉप्स जवळपास गप्प असतात आणि शेवटी सातू भाजल्यासारखा कोरडेपणा येतो. अंबरमध्ये माल्ट आणि हॉप्स दोघेही बोलतात, पण माल्टी म्हणवणाऱ्या अंबरमध्ये माल्टचा आवाज वरचा.

दाण्याचं काय झालेलं असतं

नाचणीचं सत्त्व घरी केलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना माल्ट समजावून सांगावा लागत नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, मोड वाळवायचे, भाजायचे, दळायचे. बिअरवाले हेच जवाच्या दाण्याचं करतात. मोड आले की दाण्यात एन्झाइम तयार होतात, ते पुढे पिठाची साखर करतात. मोड वेळेवर थांबवले आणि दाणा हळूहळू सुकवला की झाला माल्ट. पहिल्यांदा माल्टचे दाणे घरी आणले तेव्हा आईने मूठभर हातात घेऊन हुंगले आणि म्हणाली, “हे सत्त्वाच्या डब्यासारखंच की.” त्यापुढचं वर्णन मला आजवर सुचलेलं नाही.

अंबरची खरी गोम मात्र क्रिस्टल माल्टमध्ये आहे, त्याला कॅरॅमल माल्टही म्हणतात. इथे मोड आलेला दाणा सुकवण्याऐवजी ओलाच बंद पिंपात ६५ ते ७० अंशांवर ठेवतात. आतल्या पिठाची साखर दाण्याच्या सालीतच होते. मग आच वाढवतात. ती साखर तापते, घट्ट होते आणि दाणा फोडला तर आत काचेसारखा तांबूस खडा दिसतो. म्हणजे गुऱ्हाळ आणि भट्टी दोन्ही एका दाण्यात. यातल्या बऱ्याच साखरा यीस्टला खाता येत नाहीत, त्या बिअरमध्ये उरतात आणि तिला अंग देतात.

हे माल्ट रंगाच्या आकड्याने विकले जातात: ४०, ६०, ८०, १२०. या मापाला लोव्हिबाँड म्हणतात. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या जोसेफ लोव्हिबाँड या बिअरवाल्याने १८८० च्या दशकात बिअरचा रंग मोजायला रंगीत काचांचं यंत्र बनवलं, त्याचं हे नाव. आपल्या कामाचं एवढंच: चाळिशीचा माल्ट चिक्कीच्या पाकासारखा लागतो, ऐंशीचा खजूर आणि काळ्या मनुकांकडे जातो, एकशेवीसचा करपायला आलेल्या पाकासारखा. ब्रुअरने कुठला आणि किती घातला यावर अंबरचा सगळा स्वभाव ठरतो. सगळ्या धान्यात दहाएक टक्के घातला तर शोभतो. हात सैल सुटला की काकवी प्यायल्यासारखं होतं.

दुसरी बाजू साध्या आणि म्युनिक माल्टची. त्यांच्यात पाकापेक्षा पावाच्या कडेचा, भाकरीच्या पापुद्र्याचा स्वाद येतो. तो मेलार्ड अभिक्रियेतून येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मेलार्ड यांनी ती १९१२ मध्ये मांडली, आणि आपल्या तव्यावरच्या पोळीला डाग पडतात तेही त्याच अभिक्रियेने. चांगल्या माल्टी अंबरमध्ये पाक आणि पाव दोन्ही सापडले पाहिजेत. नुसता पाक म्हणजे एका तारेवर वाजवलेली सतार.

भाजण्याची पट्टी मराठीत तयारच आहे: खमंग, खरपूस, करपट. इंग्रजीतले लोक यासाठी शब्दांचं चक्र छापून भिंतीवर लावतात. आपण हे तीन शब्द आजीकडून शिकलोय. अंबर खमंग आणि खरपूस यांच्या सीमेवर राहते. करपट लागली तर ती चूक.

बसण्याआधीची कामं

महाराष्ट्रात बिअरसाठी वय किमान २१ हवं आणि दारू पिण्याचा परवानाही लागतो. चाखणं म्हणजे पिणं नव्हे असं म्हणायची पद्धत आहे, पण शरीराला तो फरक कळत नाही. एका बैठकीत तीन बिअर, प्रत्येकी ८०-१०० मिली, एवढं नवशिक्याला पुष्कळ. चौथीनंतर जीभही खोटं बोलते. गाडीची किल्ली घरी ठेवून जा.

बाटली घेताना तारीख आधी बघा. माल्टी बिअर वाइनसारखी मुरत नाही. तीन-चार महिन्यांच्या आतली आणि फ्रिजात ठेवलेली असेल तर उत्तम. उन्हाळ्यात दुकानाच्या काउंटरवर, ट्यूबलाइटखाली ताटकळलेली बाटली स्वस्त असली तरी नको. तपकिरी काच हिरव्या काचेपेक्षा बरी, कॅन सगळ्यांत बरा. ब्रूपबमध्ये, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या पबमध्ये, गेलात तर छोटा ग्लास चाखायला मागा. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने ताज्या बिअरचं दुकान मांडल्यापासून अशी सवय इथे रुजली आहे, मागायला संकोच नको. नळावर अंबर नसेल तर वाढणाऱ्याला सरळ विचारा, “तांबूस, कमी कडू, माल्टवाली काही आहे?”

ग्लास. यावर लोक हजारो रुपये घालवतात. घरातला साधा वाइनचा ग्लास, वर किंचित निमुळता, पुरतो. निमुळत्या तोंडामुळे वास आत कोंडून राहतो. स्टीलचा पेला चालणार नाही, रंग दिसत नाही. खरा मुद्दा धुण्याचा. भांड्याच्या साबणाचा किंवा तुपाचा पातळ थर जरी राहिला तरी फेस बसतो. धुतल्यावर भरपूर पाण्याने खळबळून ग्लास उपडा ठेवा आणि आपोआप वाळू द्या. स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसला की फोडणीचा वास ग्लासात जातो. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास अस्वच्छ आहे, बिअरवर खापर फोडू नका.

तापमान. आपल्याकडे बिअर ‘चिल्ड’ हवी असते, आणि फिक्या लागर बिअरला ते शोभतंही. अंबर चार अंशांवर प्यायलात तर माल्ट झोपलेला असतो, फक्त कडूपणा आणि गॅस जाणवतो. ८ ते १२ अंश ठीक. थर्मामीटर नको. फ्रिजातून काढून पुण्यात जानेवारीत वीसेक मिनिटं, नागपुरात मे महिन्यात सात-आठ मिनिटं ठेवा.

आणि नाक. मिसळ, पान, तंबाखू, वेलदोडा, अत्तर, केसांचं सुवासिक तेल यांपैकी काहीही तासभर आधी नको. खोलीत उदबत्ती नको. टेबलावर साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव किंवा लाह्या असू द्यात. चकली-शेंगदाणे नंतर. मला ते आवडतात म्हणूनच सांगतोय, समोर असले की हात थांबत नाही आणि मिठाने सगळं चुकतं.

बघणं

ग्लास तिरका धरून अर्धं ओता, मग सरळ करून मध्यावर ओता म्हणजे दोन बोटं फेस येईल. ग्लास एक-तृतीयांशच भरा. खिडकीच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून बघा. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक बिअर अंबरच दिसते. रंग गुळाच्या कोऱ्या चहापासून घासलेल्या तांब्याच्या घंगाळापर्यंत कुठेही चालतो. फेस सायीच्या रंगाचा, बारीक बुडबुड्यांचा, दोन-तीन मिनिटं टिकणारा. घोट घेतल्यावर काचेवर जाळी राहिली तर चांगलं लक्षण. थोडा गढूळपणा चालतो, सोलकढी नको. परीक्षकांच्या कागदावर ह्या सगळ्याला पन्नासातले तीनच गुण आहेत, म्हणून इथे रेंगाळू नका.

हुंगणं

अर्धी परीक्षा इथे होते, आणि नवशिके इथेच घाई करतात. फेस असतानाच पहिला वास घ्या, कारण काही वास पहिल्या मिनिटात उडून जातात. दीर्घ श्वास नको, कुत्र्यासारखं दोन-तीनदा पटपट हुंगा. जे पहिल्यांदा सुचेल ते लिहा. ‘आजोळच्या दिवाणखान्यासारखा’ असं सुचलं तर तेच लिहा, पुढे त्याचा अर्थ लागतो. मग ग्लासवर तळहात ठेवून हलकेच गोल फिरवा, हात काढा, पुन्हा हुंगा.

आता शोधायला लागा. आधी पाव की पाक? पावाच्या बाजूला: ब्रून पावाची कड, मारी बिस्किट, खारी, भाजलेली भाकरी. पाकाच्या बाजूला: चिक्की, काकवी, टॉफी, पुरण शिजताना भांड्याच्या कडेला लागतो तो गूळ. त्याच्याही मागे सुकामेवा असतो: खजूर, मनुका, अंजीर. सगळं एकाच बिअरमध्ये सापडलं तर एकतर ब्रुअर थोर आहे किंवा तुम्ही हा परिच्छेद आठवून लिहिताय.

मग हॉप्स. अमेरिकी अंबरमध्ये बहुधा अमेरिकी हॉप्स असतात, त्यातला कॅस्केड १९७२ मध्ये ओरेगनमधून बाहेर आला आणि तिथल्या क्राफ्ट बिअरचा चेहराच बनला. त्याचा वास ग्रेपफ्रूटसारखा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्यापैकी कितीजणांनी ग्रेपफ्रूट सोललंय? पपनस सोलताना नखात जातो तो वास आठवा, झालं. काही हॉप्स राळेसारखे, चिडाच्या लाकडासारखे असतात. हा वास माल्टच्या मागे उभा असावा. आधी पपनस आणि मग शोधून काढावा लागणारा माल्ट असेल, तर बिअर चांगली असू शकते, माल्टी अंबर म्हणून कमी पडली.

नाक दमलं की स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या. ऐकायला विचित्र, पण परीक्षक तेच करतात. आपला स्वतःचा वास नाकाला सवयीचा असतो, तिथे ते विसावतं.

घोट

पहिला घोट जीभ जागी करण्यासाठी, त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट मोठा चमचाभर घ्या, तोंडभर फिरवा, गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकातून श्वास सोडा. घशातून नाकाकडे जाणारा वास हाच ‘चवीचा’ मोठा भाग असतो. सर्दीत वरण बेचव का लागतं ते इथे कळतं.

आता घोटाचे तीन भाग पाडा: आला, थांबला, गेला. येताना माल्टचा गोडसर स्पर्श ठीक. मध्यावर खमंगपणा भरून यायला हवा. मुख्य प्रश्न जाताना. चांगली अंबर जाताना कोरडी होते, हॉप्सचा कडूपणा येऊन तोंड स्वच्छ करतो, आणि मागे पावाच्या कडेची आठवण राहते. लगेच पुढचा घोट घ्यावासा वाटतो. गोड बिअर जाताना मागे चिकटते, ओठ एकमेकांना लागतात, आणि तिसऱ्या घोटाला कंटाळा येतो.

माल्टी की गोड, हे ठरवायची माझी युक्ती अशी. घोट गिळल्यावर दहापर्यंत मोजा आणि जिभेचं टोक टाळूला लावा. तिथे काय आहे? साखरेचा थर असेल तर गोड. टोक कोरडं, पण नाकात अजून भाजकेपणा असेल तर माल्टी. दोन्ही असेल तर दोन्ही लिहा, मात्र वेगवेगळं.

कडू आणि तुरट यांची गल्लत इंग्रजीत शिकलेले लोक हमखास करतात, आपल्याला ती करायचं कारण नाही. षड्रस आपण शाळेत पाठ केलेत. कारलं, मेथी, पाडव्याचा कडुनिंब हे कडू, ते जिभेला लागतं. सुपारी, कच्चं केळं, फार उकळलेला चहा हे तुरट, ते गालांना आतून ओढतं. अंबरमध्ये मेथीइतका कडूपणा शोभतो. तुरटपणा आला तर धान्याची सालं फार गरम पाण्यात उकळली गेली असतील किंवा करपट माल्ट जास्त पडला असेल. कडूपणाची जातही बघा: येतो आणि जातो तो चांगला, काडेचिराईताच्या काढ्यासारखा बसून राहतो तो नाही.

अंगाचं बघताना पाणी आणि दूध ही दोन टोकं धरा. अंबर ताकाच्या आसपास, मध्यम. पाणचट नको, बासुंदीही नको. पाच-सहा टक्के अल्कोहोल घशात जाळत असेल तर काहीतरी चुकलंय.

जे माल्टचा वेष घेऊन येतं

दोषांच्या याद्या लांबलचक असतात. अंबरसाठी मला दोनच दोष खरे धोकादायक वाटतात, कारण ते फिक्या बिअरमध्ये लगेच पकडले जातात, इथे मात्र माल्ट म्हणून खपतात.

पहिला डायअ‍ॅसिटिल. मस्क्याचा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास. यीस्ट आंबवताना तो तयार करतं आणि वेळ दिला तर स्वतःच खाऊन टाकतं. बिअर घाईने थंड केली की तो मागे राहतो. मस्का अधिक कॅरॅमल म्हणजे बटरस्कॉच, आणि बटरस्कॉच म्हटलं की नवशिका खूश होऊन गुण वाढवतो. तपासायचं कसं? वासाकडे दुर्लक्ष करून जीभ टाळूवर घासा. तेलकट, निसरडं लागलं तर डायअ‍ॅसिटिल. खरा कॅरॅमल निसरडा नसतो.

दुसरा शिळेपणा. बिअरमध्ये प्राणवायू गेला किंवा ती उन्हाळ्यात गरम राहिली की पहिल्या टप्प्यात मधासारखा, जास्त पिकल्यासारखा गोडवा येतो आणि वाटतं, वा, काय माल्ट आहे! पुढच्या टप्प्यात ओल्या पुठ्ठ्याचा, माळ्यावरच्या वह्यांचा वास येतो आणि मग कुणालाही कळतं. पहिल्या टप्प्यात पकडायचं असेल तर हॉप्स शोधा. पपनस मेलेलं आणि गोडवा वाढलेला असेल, तर ती बिअर शिळी आहे.

बाकीचे भरभर. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे डीएमएस नावाचं गंधकयुक्त द्रव्य. हिरव्या सफरचंदाचा, कच्च्या दुधीचा वास म्हणजे बिअर लवकर काढली. अंबरमध्ये लवंग किंवा दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास आला तर जंगली यीस्ट शिरलं असण्याची शक्यता. आंबूसपणा म्हणजे जंतू. ऊन लागलेल्या बिअरचा वास अमेरिकेत स्कंक नावाच्या प्राण्याच्या नावाने ओळखतात. तो प्राणी आपल्याकडे नसल्याने मी ‘जळका रबर आणि लसूण’ असं लिहितो.

गुण देणं

बीजेसीपीच्या कागदावर पन्नास गुण असतात: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण परिणाम १०. आधी शब्द, मग आकडा. आकडा आधी टाकला की शब्द त्याची वकिली करू लागतात. आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही.

गेल्या महिन्यातली माझ्या वहीतली एक नोंद देतो, बिअरचं नाव मुद्दाम गाळून. वास: ब्रून पाव, चिक्की, मागे हलकं पपनस, किंचित मस्का, ८. दिसणं: तांब्याचा रंग, जाळी सुंदर, ३. चव: मध्यावर छान खरपूस, पण जाताना गोड चिकटते, कडूपणा दोन पावलं कमी, १३. स्पर्श: मध्यम, जरा निसरडी, ४. एकूण: पहिला ग्लास आनंदाचा, दुसरा मागवला नाही, ६. बेरीज ३४. कागदावर ३० ते ३७ म्हणजे ‘फार चांगली’, शैलीत बसते, किरकोळ उणिवा. ३८ च्या वर उत्कृष्ट, ४५ च्या वर अव्वल. तशी अंबर मला आजवर दोनदाच भेटलीय. २१ ते २९ च्या पट्ट्यात बऱ्याच बिअर येतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मला आवडली की नाही, ही वेगळी नोंद. तिला वहीत कोपऱ्यात एक छोटा गोल असतो. ती गुणांत मिसळू देऊ नका. मला गोड अंबर आवडते, हे मी त्या आजोबांनाही शेवटी कबूल केलं होतं.

घरचा सराव

तीन ग्लास घ्या. दोघांत एक अंबर, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा, चाखणारा डोळे मिटून. वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या नशिबाने तो तिनातून एकदा सापडतो, पण सलग तीनदा नशिबाने सापडायची शक्यता सत्तावीसात एक. तीनदा बरोबर आलं की स्वतःवर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. पहिल्या वेळी मी तिन्ही वेळा चुकलो होतो.

दोष शिकायला त्यांची मुद्दाम निर्मिती करा. एक ग्लास अर्धा तास उन्हाच्या खिडकीत ठेवा, दुसरा कपाटात, मग दोन्ही हुंगा. त्याच बिअरची एक बाटली फ्रिजात आणि एक गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर तीन आठवडे ठेवा. एकदा शेजारी-शेजारी चाखलं की शिळेपणा विसरत नाही. आणि बिअर नसलेल्या दिवशी रवा भाजा. तो फिका, बदामी, तांबूस आणि करपट होईपर्यंत दर दोन मिनिटांनी चमचाभर बाजूला काढा, गार झाल्यावर ओळीने हुंगा. घरचे हसतील. शेवटचा चमचा सोडून बाकीच्यांचा शिरा करा.

अजून एक काम उरतं. ग्लासातला शेवटचा घोट मुद्दाम कोमट होऊ द्या. गार असताना लपलेलं सगळं तिथे उघडं पडतं, मस्का असेल तर मस्का, गोडवा असेल तर गोडवा. तो घोट घेतला की रिकामा ग्लास पाचेक मिनिटं तसाच ठेवा आणि मग आत नाक घाला. हॉप्स उडून गेलेले असतात, गॅस गेलेला असतो. तळाशी वाळलेल्या थेंबात फक्त धान्य उरतं. तिथे जे सापडेल ते वहीत शेवटच्या ओळीत लिहा. मग ग्लास धुवा, उपडा ठेवा, आणि फडक्याने पुसू नका.